पहिल्यानं थांबावं, सहाव्यानं वाट द्यावी

शिकाऊ लायसनच्या परीक्षेत एक प्रश्न ठरलेला असतो. तुमच्या वाहनामुळे अपघात होऊन कुणी जखमी झालं तर काय कराल? गाडी ठाण्यात नेऊन कळवाल, गाडी थांबवून पोलिसांना कळवाल, की जखमीला उपचार मिळावेत म्हणून शक्य ते सगळं करून 24 तासांच्या आत जवळच्या ठाण्यात वर्दी द्याल? तिसरं उत्तर बरोबर. मोटार वाहन कायदा, 1988 च्या 134 व्या कलमाचा तो गोषवाराच आहे. आपण सगळ्यांनी तो पर्याय निवडला आणि लायसन घेऊन बाहेर पडलो.

पण हा प्रश्न फक्त धडक देणाऱ्याला विचारलेला आहे. अपघातानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत तिथं आणखी दहा-वीस गाड्या येऊन पोचतात. त्यांच्या चालकांनी काय करायचं, हे आपल्याकडं कुणी नीट शिकवत नाही. मग माणूस अंदाजानं वागतो. कुणी मान वळवून निघून जातो, कुणी जिथल्या तिथं ब्रेक मारतो, कुणी मोबाईल काढतो. थांबणं म्हणजे माणुसकी आणि न थांबणं म्हणजे निर्दयपणा, एवढीच आपली मोजपट्टी. मला ती अपुरी वाटते, आणि तसं वाटायला एक रात्र कारण झाली.

चार वर्षांपूर्वीचा श्रावण. पुणे-नाशिक रस्त्यानं मंचर सोडून नारायणगावकडे निघालो होतो. आठ वाजून गेलेले, पाऊस नुकताच उघडलेला. पुढच्या मोटरसायकलला एका कारची बाजू घासली आणि डोळ्यांदेखत नवरा-बायको डांबरावर फेकले गेले. कार दोनशे मीटरवर जाऊन थांबली. तिचे लाल ब्रेकलाइट स्पष्ट दिसत होते. मग ते विझले आणि गाडी निघून गेली.

मी माझी गाडी त्या दोघांच्या मागं रस्त्यातच उभी केली, चारी इंडिकेटर लावले आणि धावलो. बाईंच्या कपाळातून रक्त येत होतं आणि त्या "ह्यांना बघा, आधी ह्यांना बघा" एवढंच म्हणत होत्या. नवरा निपचित पडलेला, डोक्यावर हेल्मेट तसंच. बघता बघता पंधरा-वीस माणसं गोळा झाली. तेवढ्यात दुधाचा एक टेम्पो मागंच साइडपट्टीवर लागला. उतरलेला माणूस पन्नाशीचा असेल. जखमींकडे त्यानं एकदा पाहिलं आणि थेट मला विचारलं, "गाडी तुमची का? उचला आधी. पुढं नेऊन कडेला लावा."

"अहो, लायटी लावल्यात," मी म्हणालो.

"माणसं उभी राहिली की लायटी झाकतात, साहेब. मागनं ट्रक आला तर तुमच्यासकट सगळ्यांना घेऊन जाईल."

मी गाडी हलवून परत येईपर्यंत त्यानं टेम्पोतले रिकामे क्रेट उतरवले होते आणि मागं पळत जाऊन रस्त्याच्या कडेपासून त्यांची तिरकी रांग मांडली होती. शंभरेक पावलांपर्यंत. गर्दीतल्या एका पोराला मोबाईलची बॅटरी लावून त्यानं शेवटच्या क्रेटच्याही पलीकडं उभं केलं. "डांबरावर यायचं न्हाई. खालनंच हलवायची." त्यानंतर आलेला पहिला ट्रक क्रेट दिसल्यावर हळू झाला आणि पलीकडून निघून गेला. त्याच्या मागच्या चाकाखाली एक क्रेट फुटला. तो आवाज झाला तेव्हा गर्दी एकदम गप्प झाली. माझी गाडी मघापर्यंत त्याच ओळीत होती, आणि मी आणि रस्त्यात बसलेली ती बाई अजूनही त्याच ओळीत होतो.

जखमीला हात लावण्याआधी दुसरा अपघात थांबवायचा असतो, हे मला त्या माणसाकडून कळलं. ऐकायला हे कठोर वाटतं. समोर रक्त वाहत असताना कुणी उलट दिशेला पळत गेलं तर आपण त्याला पळपुटा म्हणू. पण अहमदाबादच्या इस्कॉन पुलावर 19 आणि 20 जुलै 2023 च्या दरम्यानच्या रात्री काय झालं ते आठवा. एक गाडी डंपरवर आदळली. ते पाहून लोक थांबले, पुलावर गर्दी जमली, पोलीसही आले. काही वेळात भरधाव वेगानं आलेली दुसरी कार थेट त्या गर्दीत घुसली. नऊजण गेले. त्यात बंदोबस्ताला आलेला पोलीसही होता. त्या चालकाचा गुन्हा त्याच्या पदरात आहेच, तो कशानंही हलका होत नाही. पण उजेड कमी असलेल्या पुलावर, सुसाट रहदारीत, मागं कसलीही खूण न ठेवता उभी राहिलेली गर्दी आपल्याला रोजच्या रोज दिसते. नवले पुलावर दिसते, कसारा घाटात दिसते, कोकणच्या वाटेवर दिसते.

हिशेब साधा आहे. ताशी 100 किलोमीटर वेगानं येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 28 मीटर अंतर कापते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो, म्हणजे चाळीस मीटर तिथंच संपले. ब्रेक लागायला सुरुवात त्यानंतर. पावसात, टायर गुळगुळीत असतील तर विचारायलाच नको. तेव्हा बंद पडलेल्या गाडीच्या मागं पाच पावलांवर लावलेला लाल त्रिकोण काहीच वाचवत नाही. तो किमान पन्नास मीटर मागं हवा, एक्सप्रेस-वेवर शंभर किंवा त्याहून लांब. घाटात वळणापुढं अपघात झाला असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडं, म्हणजे येणाऱ्याला वळायच्या आधीच दिसेल असा. तो ठेवायला जाताना डांबर सोडून, येणाऱ्या गाड्यांकडं तोंड करून चालायचं. हा त्रिकोण गाडीबरोबरच मिळतो. बहुतेकांच्या डिकीत तो स्टेपनीशेजारी प्लास्टिकच्या पिशवीत तसाच पडलेला असतो.

ट्रकवाले ही गोष्ट फार पूर्वीपासून जाणतात. पाटा तुटला, चाक बसलं की क्लीनर आधी झाडाच्या फांद्या तोडून मागं टाकतो, दगडांची रांग लावतो. अंधारात हिरव्या पाल्याचा ढीग दिसला की जुना ड्रायव्हर ओळखतो, पुढं गाडी उभी आहे. चांगली रीत आहे. पण गाडी दुरुस्त झाली की ट्रक निघून जातो आणि दगड तिथंच राहतात. तासाभरानं तिथून मोटरसायकल जाते. ज्या दगडांनी एकाला वाचवलं तेच दुसऱ्याला पाडतात. हे मी लिहितोय कारण गावातला ओळखीचा एक मुलगा असाच दगडावरून घसरला आणि पुढं आठ महिने अंथरुणावर होता. रस्त्यावर मांडलेली वस्तू उचलून नेणं हाही मदतीचाच भाग आहे.

मुंबई-पुणे एक्सप्रेस-वेसारख्या रस्त्यावर गाडी बंद पडली किंवा ठोकली तर चालता येणाऱ्या सगळ्यांनी डाव्या बाजूनं उतरून लोखंडी कठड्याच्या पलीकडं जावं. गाडीत बसून राहू नये, गाडीच्या मागं तर मुळीच उभं राहू नये. फोन कठड्यापलीकडूनच करावा. पावसात लहान मुलाला घेऊन बाहेर उभं राहणं जिवावर येतं, कबूल. तरीही.

आता थोडं अवघड बोलायचं आहे. अपघाताच्या जागी प्रत्येकानं थांबू नये. पहिल्यानं थांबावं, दुसऱ्यानं थांबावं, डॉक्टर किंवा नर्स असेल तर कितवंही असलं तरी थांबावं. पण पाच-सहा माणसं कामाला लागलेली दिसत असतील तर सहाव्या गाडीनं वेग कमी करावा, काच खाली करून "काही लागतंय का, फोन केलाय का" एवढं विचारावं आणि पुढं जावं. तिथं उभं राहून तो फक्त ॲम्ब्युलन्सची वाट अडवतो. दुभाजकाच्या पलीकडून, उलट दिशेनं जाणारे चालक नुसतं बघायला म्हणून गाडी हळू करतात आणि तिकडं मागच्या मागं गाड्या एकमेकांवर चढतात, हेही आपण पाहिलंय.

बोरघाटात एक अपघात झाला की मागं रांग लागते. पाचव्या मिनिटाला कुणीतरी साइडपट्टीवरून पुढं घुसतो, त्याच्या मागं आणखी चाळीसजण. क्रेन आणि ॲम्ब्युलन्स ज्या एकमेव पट्टीवरून येणार असते ती पट्टी आपणच बुजवून टाकतो. वर पुन्हा "दोन तास झाले, अजून कुणी आलं नाही" म्हणून व्यवस्थेला बोल लावतो. त्या रांगेत एक चालक म्हणून माझी जबाबदारी एवढीच असते, की लेन सोडायची नाही आणि साइडपट्टी मोकळी ठेवायची. आपत्कालीन वाहनाला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. साइडपट्टीवर घुसणारा दुरून अपघातात सामील होतो, असंच मी मानतो.

आणि व्हिडिओ. जखमीचा चेहरा घरच्यांनी पहिल्यांदा व्हॉट्सॲपवर बघावा, यासारखं दुःख नाही. फोन हातात आहेच तर 108 लावा, 112 लावा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 लावा. आणि जागा नीट सांगा. "मंचरच्या पुढं" म्हणून भागत नाही. कुठून कुठं जाणारी बाजू, जवळचा किलोमीटरचा दगड किंवा पुलाचा क्रमांक, किती जखमी, कुणी अडकलंय का, आग किंवा गळती आहे का. दुभाजक असलेल्या रस्त्यावर चुकीच्या बाजूला आलेल्या ॲम्ब्युलन्सला पुढच्या वळणापर्यंत जाऊन यावं लागतं, आणि ते वळण आठ-दहा किलोमीटरवर असू शकतं.

टँकर उलटला असेल तर माझं मत अगदी वेगळं आहे. तिथं जवळ जाऊच नका. गाडी लांब थांबवा, इंजिन बंद करा, मागच्यांना अडवा. 13 जून 2023 ला लोणावळ्याजवळ कुणे पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला तेव्हा जळतं रसायन पुलाखालच्या रस्त्यावर पडलं आणि खालून जाणाऱ्यांचेही जीव गेले. सांडलेलं तेल, पेट्रोल भरून न्यायला कॅन घेऊन धावणाऱ्यांना 2017 मध्ये पाकिस्तानात बहावलपूरजवळ काय झालं हेही सांगायला हवं. दोनशेहून जास्त माणसं एका ठिणगीत गेली.

जखमीला काय करावं हे एका लेखात शिकवता येत नाही, ते हातानं शिकायचं असतं. पण काय करू नये यातल्या दोन-तीन गोष्टी सांगतोच. पाणी पाजू नका. आपल्याकडं पडलेल्याच्या तोंडाला पाणी लावणं हा संस्कार आहे, त्या रात्रीही कुणीतरी बाटली घेऊन पुढं आलंच होतं. टेम्पोवाल्यानं तीही अडवली. बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत पाणी जातं, आणि शुद्धीवर असला तरी पुढं ऑपरेशन करायची वेळ आली तर पोटातलं पाणी नडतं. श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका, मान दुखावलेली असू शकते. रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ कापड दाबून धरा, आणि दाबलेला हात दर मिनिटाला काढून बघू नका. त्या बाईंच्या कपाळावर मी त्यांचाच पदर धरून बसलो होतो.

आणि स्वतःच्या गाडीत घालून न्यावं का? चार ठिकाणी चार उत्तरं मिळतात. माझं असं आहे: जखमीचा श्वास चालू आहे, रक्त दाबून थांबतंय आणि ॲम्ब्युलन्स दहा-पंधरा मिनिटांत येतेय, तर हलवू नका. 2014 पासून आपल्या राज्यात 108 च्या गाडीत डॉक्टर येतो, तो मान-पाठ सांभाळून उचलू शकतो. पण आडवाटेच्या वाडीवर, जिथं गाडी यायलाच पाऊण तास लागेल, तिथं वाट बघत बसणं म्हणजे माणूस हातचा घालवणं. तिथं फळी, दार, मिळेल ते घ्या, तीन-चारजणांनी डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून उचला आणि निघा. रिक्षात दुमडून बसवू नका. कायद्यानं जखमी झाल्यापासूनच्या पहिल्या तासाला "गोल्डन अवर" म्हटलंय, त्याची व्याख्याही आता कायद्यात आहे.

आमच्याकडं ॲम्ब्युलन्स वीस मिनिटांत आली. मी तिच्या मागोमाग गेलो. एका खासगी दवाखान्यात काउंटरवरच्या माणसानं मला पहिला प्रश्न विचारला, "पेशंट तुमचा कोण?" दुसरा प्रश्न डिपॉझिटचा. मी भरले पैसे, कारण तेव्हा भांडायचं सुचलं नाही. भांडायला हवं होतं. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1989 मध्येच सांगितलंय, की पोलीस केस असो वा नसो, जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं कर्तव्य. तो खटला उभा राहिला तोच एका स्कूटरस्वाराला एका रुग्णालयानं पोलीस केस म्हणून दुसरीकडं पाठवलं आणि तो वाटेत गेला म्हणून. 134 व्या कलमातही डॉक्टरनं कागदपत्रांसाठी न थांबता उपचार करावेत असं लिहिलेलं आहे. आणि आता मे 2025 पासून केंद्राची विनारोकड उपचारांची योजना आहे, अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार. मग काउंटरवर डिपॉझिट कशाचं मागतात?

टेम्पोवाला दवाखान्यात आला नव्हता. ॲम्ब्युलन्सचं दार लागताच तो क्रेट गोळा करायला मागं गेला. मी नाव विचारलं तर म्हणाला, "नाव नका विचारू. आणि टेम्पोचा नंबर पोलिसांना नका देऊ, हात जोडतो. एकदा साक्षीला गेलो होतो, चार वर्षं तारखा झाल्या." त्या जागी सगळ्यात शहाणा असलेला माणूस सगळ्यात घाबरलेलाही होता. तो घाबरलेला असू नये म्हणूनच तर कायदा झालाय. 30 मार्च 2016 ला सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सूचनांना बंधनकारक केलं. 2019 च्या दुरुस्तीत 134अ हे कलम आलं, 2020 मध्ये नियम आले. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही, दवाखान्यात अडकवून ठेवता येत नाही, साक्षीदार व्हायचं की नाही हे त्याच्या इच्छेवर, आणि झालाच तर जबाब त्याच्या सोयीच्या जागी. प्रत्येक दवाखान्याच्या दारात हे हक्क स्थानिक भाषेत लावलेले असले पाहिजेत. तुमच्या गावच्या दवाखान्यात तो फलक आहे का, जाऊन बघा. माझ्या पाहण्यात मराठीतला एकच आला, तोही फायर सिलिंडरच्या मागं. मदत करणाऱ्याला 25,000 रुपये देण्याची सरकारची योजना आहे, चांगलीच आहे. पण त्या टेम्पोवाल्याला पैसे नको होते. त्याला फक्त तारखा नको होत्या.

राहिली ती कार, लाल दिवे लागून विझलेली. तिच्या चालकाला मी कधीच माफ करणार नाही. पण ते दिवे आधी लागले होते. म्हणजे त्याचा पाय ब्रेकवर गेला होता. मग त्यानं आरशात काय पाहिलं असेल? धावत येणारी माणसं. 2022 मध्ये देशात धडक देऊन पळून जाण्याचे 67,387 अपघात नोंदले गेले, त्यात 30,486 माणसं गेली. हे सगळे पळणारे जमावाच्या भीतीनं पळाले असं मी म्हणत नाही. दारू असते, लायसन नसतं, विमा संपलेला असतो. पण त्या आकड्यात जमावाचा वाटा आहे, आणि तो वाटा आपला आहे. कायदाही जमावाचं भय ओळखतो: जखमीला दवाखान्यात नेण्याच्या जबाबदारीतून 134 व्या कलमानं जी सूट दिली, त्यात जमावाच्या रोषाचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्याची कॉलर धरून आपण थोबाडीत मारतो, त्याचीच गाडी त्या क्षणी तिथं चालू स्थितीत असते आणि जखमीला लगेच नेता येण्यासारखी असते. पहिला हात उचलणारा माणूस जखमीची मिनिटं खर्च करत असतो. आणि चूक कुणाची हे न बघता मोठ्या गाडीवाल्याला चोपायचं, ही आपल्या रस्त्यांवरची जुनी सवय त्या दिवशी सुटत नाही म्हणून पुढच्या वेळचा चालक पळतो.

जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांनी चाकं थांबवली आणि आपण पेट्रोल पंपांवर रांगा लावल्या. कारण भारतीय न्याय संहितेतलं 106(2) हे पोटकलम: निष्काळजीपणानं मृत्यू घडवून पोलिसांना न कळवता पळाल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा. 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. चालकांची भीती खरी होती, पण त्यांना कुणी नीट समजावलं नाही. त्या पोटकलमात मार खात जागेवर उभं राहा असं कुठंच म्हटलेलं नव्हतं, कळवा एवढंच म्हटलेलं होतं. जमाव अंगावर येतोय असं दिसलं तर गाडी पुढं घ्या, 112 लावा, थेट ठाण्यात जाऊन उभे राहा. माझ्या मते ते पोटकलम लागू व्हावं. पण त्याच दिवसापासून चालकावर हात उचलणाऱ्यावरही गुन्हा दाखल होताना दिसला पाहिजे.

हे बदलायची जागा रस्त्याकडेच्या गावांत आहे. महामार्ग पोलिसांनी मार्च 2021 मध्ये "मृत्युंजय दूत" ही योजना सुरू केली. ढाबेवाले, पंपावरची पोरं, कडेच्या गावातले तरुण यांचे गट करून त्यांना प्रथमोपचार शिकवायचे, स्ट्रेचर द्यायचं. कल्पना उत्तम आहे, कारण अपघाताच्या जागी पहिला पोचतो तो टपरीवालाच. ग्रामपंचायतींनी ती आपली मानून वर्षातून दोनदा तालीम घेतली आणि आरटीओनं लायसनच्या चाचणीत आठचा आकडा काढायला लावतात तसा त्रिकोण ठेवून दाखवायला लावला, तर फार काही खर्च येणार नाही.

गेल्या दसऱ्याला पुतण्यानं गाडी घेतली. वाड्यासमोर पूजा झाली, झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. मी त्याला डिकी उघडायला सांगितली. गालिच्याखालून त्रिकोणाची पिशवी निघाली, सील न फोडलेली. "उघड आणि त्या पिंपळापाशी उभा करून ये," म्हटलं. भरदुपारी, कोरड्या जमिनीवर, सगळे बघत असताना त्याला चार मिनिटं लागली. एक पाय उलटा बसत होता. दुसऱ्यांदा करायला लावलं, तेव्हा चाळीस सेकंद.